एका फोनातले दोन कॅल्क्युलेटर

दुकानात येणारं गिऱ्हाईक फोनची काच पुढे करून बोलतं. "ताई, काच फुटली, बदलून द्या." काच फुटलेली असते हे खरं, पण ती मागच्या उन्हाळ्यात फुटलेली असते आणि आजच बदलावी असं काही घडलेलं नसतं. मी काच काढायला घेते. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, दुकानातली बाकीची माणसं जाण्याची वाट बघतं आणि मग पुढे वाकून हळूच म्हणतं, "अजून एक होतं."

हे 'अजून एक' म्हणजे माझा खरा धंदा.

बहुतेक वेळा ते असं असतं: घरात फोन एक, माणसं चार, आणि त्यातल्या एकाला वाटतं की आपले निरोप बाकीच्या तिघांनी वाचू नयेत. बस, एवढंच. तुम्हाला वाटेल, यात काहीतरी भानगड असणार. सहसा नसते. एका आजोबांना बुद्धिबळावरून मित्राशी चाललेलं भांडण लपवायचं होतं, कारण ते हरत होते. एका बाईला नवऱ्याच्या घोरण्याचं वर्णन फक्त भावालाच पाठवायचं होतं. एका पोट्टीला आपलं वजन मैत्रिणीला कळवायचं होतं आणि भावाला कळू द्यायचं नव्हतं. माणसाला दार लागतं. आत तो काय करतो हा नंतरचा प्रश्न. घर बांधताना न्हाणीला दार लावतो, तेव्हा गवंडी विचारतो का, आत काय भानगड हाय म्हणून? मग फोनालाच काऊन विचारायचं?

हे मी जरा तावातावाने लिहिते आहे. घरचं वळण आहे ते. आमचे बाबा आयुष्यभर पत्रकं छापून वाटत आले. नळाच्या पाण्यासाठी, मजुरीच्या दरासाठी, हुंड्याविरुद्ध, बंद पडलेल्या वाचनालयासाठी. मला वाचता आलेलं पहिलं वाक्य 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' हे होतं. अ अननसाचा नंतर भेटला. माझं नावही त्याच तावात क्रांती ठेवलं गेलं. नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे येताना गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानाशेजारी 'क्रांती मोबाईल' अशी पाटी दिसेल, ते माझं दुकान. मी नसले की लोक शेजारच्या सरकीवाल्या काकांना विचारतात, "क्रांती कधी येईन हो?" काका ढेपेवरून हात न काढता सांगतात, "जेवाले गेली हाय, येईनच आता." बाबांनी एकदा हे ऐकलं आणि रस्त्यातच उभे राहून हसले. म्हणाले, "आम्ही पोरपणापासून हेच विचारत होतो, आम्हाले कोणी इतकं सरळ सांगितलं नाही."

धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लोक फोनाला कुलूप लावतात आणि खिडकी सताड उघडी ठेवतात. निरोप आला की बंद फोनच्या काचेवर त्याच्या पहिल्या ओळी झळकतात. फोन चार्जिंगला लावलेला, समोर पाहुणे बसलेले, आणि काचेवर उजळतं, 'पाहुणे गेले का गं एकदाचे?' तेव्हा पहिलं काम हे झळकणं बंद करायचं. दुसरं काम, लिहिताना फोन जे शब्द आपणहून सुचवतो, ते पुसून टाकण्याचं. एका कापूस व्यापाऱ्याच्या पोराने आपले सगळे निरोप पुसले आणि निर्धास्तपणे फोन वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी अडत्याला लिहायला घेतलं, 'माल'. फोनने अदबीने पुढे सुचवलं, 'मालकीण माझ्या दिलाची'. ते थेट माझ्याकडे आले.

"ताई, ह्याच्यात बिघाड हाय. हा मले मालकीण म्हणू राह्यला."

मी तोंड आत वळवलं, सुचवणं बंद केलं आणि "झालं दुरुस्त, काका" म्हणून फोन परत दिला. पोरगा आजही मला रस्त्यात दिसला की लांबूनच हात जोडतो.

टॅबची तऱ्हा आणखी वेगळी. शाळेच्या अभ्यासासाठी घेतलेल्या टॅबला कोणीतरी आईच्या फोनमधलं निरोपांचं हिरवं अॅप जोडून देतं आणि विसरतं. मग आईचे माहेराशी चाललेले निरोप पोरांच्या कार्टूनच्या डोक्यावरून मुंग्यांसारखे चालत जातात. ते जोडलेलं कुठे कुठे आहे हे फोनमध्येच बघता येतं, तिथूनच तोडता येतं. अर्ध्या घरांतली भांडणं एवढ्यानं मिटतात, आणि मी त्याचे पैसेही घेत नाही, कारण एवढं हसू मला फुकट मिळालेलं असतं.

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक पत्रक आहे, बाबांच्याच ओळखीच्या छापखान्यातून छापून आणलेलं. 'फोन घराचा असेल, निरोप ज्याचा त्याचा.' खाली दोन वाक्यं: दुसऱ्याचे निरोप उघडून मिळणार नाहीत. दुसऱ्याच्या फोनवर नजर ठेवणारं काही टाकून मिळणार नाही. यावरून रोज वाद होतो. "बायको मायी, फोन माया, पैसे मी देऊन राह्यलो," असं एकाने टेबलावर बोट आपटून सांगितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. मग बायकोले सोबत घेऊन या." तो गेला तो गेलाच.

पण एकदा एक आई आली. पोरगा जेवत नाही, फोन हातातून सोडत नाही, कोणाशी काय बोलतो ते उघडून द्या म्हणाली. मी त्याच तोऱ्यात पत्रकाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, पोराला घेऊन या. ती डोळे पुसत गेली. काही दिवसांनी दोघं आली. पोराने स्वतःच फोन टेबलावर ठेवला. कोणीतरी त्याला फोटोंवरून धमकावत होतं. पुढचं सगळं, पोलिसांतल्या तक्रारीसकट, आम्ही तिघांनी मिळून रीतसर केलं. जाताना तो म्हणाला, "हिनं चोरून पाह्यलं असतं तर म्या फोनच फोडला असता." म्हणजे माझं बरोबर होतं. पण मधले दिवस त्या आईने कसे काढले असतील हे आठवलं की मला माझ्या पत्रकाची शाई जरा फिकी वाटते. दुसऱ्या दिवशी माझ्या पायांनी तिच्या घरी जायला काय झालं होतं?

आणखी एक शिस्त आहे. गिऱ्हाईक आपला गुप्त आकडा फोनात टाकतं तेव्हा मी पाठ करून रस्त्याकडे बघते. मला त्यांचा आकडा माहीत नसतो, माहीत करूनही घ्यायचा नसतो. या शिस्तीनेच माझी फजिती केली. ती गोष्ट आता सांगते. त्या घरातल्या तिघांनीही ती लिहायला परवानगी दिली आहे. नावं बदलली आहेत. गुरुजींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं आणि माझ्या मसुद्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही तपासून दिल्या.

भास्कर गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक. घरी ते, त्यांच्या पत्नी सुमनकाकू आणि सून वैशाली. मुलगा वाशीमला नोकरीला, त्याचा फोन त्याच्यापाशी. वैशालीचा फोन एकदा पाण्याच्या टाकीत पडला तेव्हा गुरुजींनी ठरवलं की घरात एक फोन पुरे. त्या एका फोनात दोन सिमकार्डं, एक गुरुजी-काकूंचं, एक वैशालीचं, आणि सगळ्यांचं जग.

आता त्या घरची रीत ऐका. गुरुजी नोकरीत असताना संध्याकाळच्या चहाला घरच्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्र कमी झालं आणि फोन आला, तसं ते फोन वाचून दाखवू लागले. दिवसभरात आलेले सगळ्यांचे सगळे निरोप, ओसरीवर बसून, खणखणीत आवाजात. वाईट हेतू अजिबात नाही, घरात जे आलं ते सगळ्यांचं, असा त्यांचा स्वच्छ समज. वैशालीच्या आईने मेहकरहून पाठवलेला निरोपही ते असा वाचत: "'पोरी, कंबर कशि आहे?' कंबर ठीक आहे ना गं वैशाली? 'कशी'ची शी दीर्घ हवी, विहीणबाईंनी ऱ्हस्व काढली आहे." समोरून जाणारे दोघे-तिघे थांबून वैशालीच्या कंबरेची चौकशी करून पुढे जात.

हे हसण्यासारखं आहे, आणि मीही पोट धरून हसले आहे. पण याच वाचनात वैशालीची एक नोकरी गेली होती. जळगावच्या एका कार्यालयाने तिला बोलावलं होतं. तो निरोप चहाबरोबर वाचला गेला. शेजारचे म्हणाले जळगाव लांब पडतं, समोरच्या म्हणाल्या रोजचा प्रवास झेपणार नाही, गुरुजी म्हणाले विचार करू. चहा संपेपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की ती जाणार नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिच्या नावाने नाही कळवतानाही विचारलं नाही.

या घरातून माझ्याकडे आधी आल्या सुमनकाकू. काच घेऊनच.

"अवं क्रांती, अजून एक होतं." इकडे तिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "आमचा शाळंतल्या मैत्रिणींचा गट हाय. म्या त्याच्यात आवाज पाठवतो."

"कसला आवाज, काकू?"

"यांचा." आणि काकूंनी मान ताठ करून, चष्मा खाली ओढल्याचा आव आणून हुबेहूब गुरुजींच्या आवाजात म्हटलं, "'शी दीर्घ हवी!' साऱ्या जणी लोळून हासतात. यांनी ऐकलं त मायी शाळाच भरीन."

हिरव्या अॅपमध्ये एखादा संवाद कुलूपबंद कप्प्यात टाकता येतो. आकडा टाकल्याशिवाय तो कप्पा दिसतच नाही. तो करून दिला आणि सांगितलं, "असा आकडा टाका की बाहेरच्या कोणाला सुचणार नाही, वाढदिवस नको, आणि तुम्ही झोपेतसुद्धा विसरणार नाही." हे मी सगळ्यांना सांगते. काकूंनी टाकला. मी रस्त्यावरचे टांगलेले झाडू बघत उभी होते.

मग त्याच फोनला घेऊन आली वैशाली. फोन मी लगेच ओळखला, कोपऱ्यावर काकूंनी लावलेला मोराचा स्टिकर होता. पण ओळख दाखवायची नाही, हाही धंदाच.

"ताई, मी मोठी गाडी शिकून राह्यली," ती एका दमात म्हणाली. "ट्रक. मलकापूरच्या एका शाळेले मुलींच्या बससाठी बाई ड्रायव्हर पाह्यजे. मोठ्या गाडीचं लायसन आणलं की नोकरी पक्की, असं तिथल्या मोठ्या बाई बोलल्या. लहान गाडीचं मायं माहेरचंच हाय, बाबाची जीप चालवत होती मी. घरी सांगितलं हाय, शिवणक्लासले जातो म्हणून. पण तो शिकवणारा निरोप पाठवते, 'उद्या सकाळी रिव्हर्स.' हा चहाले वाचला गेला त संपलं, ताई. जळगावसारखंच होईन."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"हाव. ते म्हणतात, तू पास हो, मग आपण सांगू. म्हणजे मीच सांगू."

आता माझी पंचाईत. अॅपमधला गुप्त कप्पा एकच, आणि तो काकूंनी भरलेला. वैशालीचं त्यात टाकलं तर काकूंना दिसणार, आणि कप्पा आधीच भरलेला आहे हे तिला सांगायची मला चोरी. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "या फोनात ती सोय नीट चालत नाही, दुसरी करते." तिच्या सिमवरचं अॅप एका लपवणाऱ्या अॅपच्या आत ठेवलं. हे बाहेरून अगदी कॅल्क्युलेटरसारखं दिसतं. बेरीज-वजाबाकीही करतं. आपला आकडा टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं की मगच आतलं घर उघडतं. तिने आकडा टाकला. मी पुन्हा झाडू बघितले.

आणि मग आले स्वतः गुरुजी. काच नव्हती, ते तत्त्वाचे पक्के. सरळ म्हणाले, "मुली, माझं काही वैयक्तिक साहित्य फोनमध्ये आहे."

"साहित्य?"

"कविता." त्यांचे कान लाल झाले. "मी दिवाळी अंकांना पाठवतो. ईमेलने. आणि ते..." ते जरा थांबले. "ते फार सभ्य भाषेत परत पाठवतात. घरी कळण्याची आवश्यकता नाही."

ईमेलला वेगळं कुलूप लावून दिलं. गुरुजींनी आकडा टाकला. तोपर्यंत त्या झाडूवाल्याला वाटायला लागलं होतं की मला झाडू घ्यायचा आहे.

एका फोनात तीन माणसांची तीन गुपितं, तिन्ही एकमेकांपासून लपवलेली, आणि तिन्ही ठाऊक असलेली एकटी मी. त्या आठवड्यात मी एकटीच हसत फिरत होते. आई विचारायची, "काय झालं बे पोरी?" काय सांगणार?

मग काकू धापा टाकत आल्या.

"क्रांती, फोनात दोन कॅल्क्युलेटर काऊन हायत?"

मी म्हटलं, "असतात कधी कधी."

"आमच्या घरात हिशेब करणारं एक माणूस नाही, आन् कॅल्क्युलेटर दोन! मले वाटलं, पाहू त खरं. म्या मायाच आकडा टाकला. उघडलं ना बापा! आत पोरीचं सारं. रिव्हर्स, गिअर, टेस्टची तारीख. तिचं कुलूप मायाच किल्लीनं कसं उघडलं?"

मी डोकं धरून बसले. आणि त्याच दिवशी दुपारी वैशाली आली, पदर तोंडाला लावून, हसत होती की रडत ते कळेना. तिने हिरव्या अॅपमध्ये काहीतरी शोधायला म्हणून सहज आपला आकडा टाकला होता, आणि समोर सासूबाईंचा गट. तिने सगळे आवाज ऐकले. "ताई, सासूबाई इतक्या हासवतात, हे मले माहीतच नव्हतं!"

तेव्हा मला उमगलं. बाहेरच्याला सुचू नये, झोपेतही विसरू नये, वाढदिवस नसावा. या घरात असा एकच आकडा होता. पूर्वी त्यांच्याकडे तारेचा फोन होता, कधीचा बंद झालेला. त्याचा नंबर अर्ध्या नांदुऱ्याला पाठ होता तेव्हा, आणि आता फक्त त्या घरालाच पाठ उरला होता. वैशालीलाही, कारण लग्न ठरल्यावर तिने त्याच नंबरवर चोरून फोन केले होते. तिघांनी आपापल्या परीने विचार केला आणि तिघं एकाच ठिकाणी पोचले; गुरुजींचं मला नंतर कळलं. आणि मी, नजर रस्त्याकडे ठेवणारी शिस्तीची बाई, तिन्ही वेळा झाडू मोजत उभी!

तेव्हापासून सगळ्यांना सांगते, घरातल्या कोणालाच पाठ नसेल असा आकडा घ्या. त्या दोघींना मात्र तेव्हा मी एकमेकींबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनीही एकमेकींना सांगितलं नाही. पण चहाच्या वेळी शिकवणाऱ्याचा फोन आला की काकू "दूध उतू गेलं" म्हणून ओरडायला लागल्या, आणि काकूंच्या गटात आवाज आला की वैशाली बादली पाडायची. गुरुजी म्हणायचे, "या घरात अलीकडे फार सांडलवंड होते."

टेस्टच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी दुकानात आले ते फोन मुठीत धरून. चौकात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमच्या सूनबाई मलकापूरच्या मैदानावर ट्रकच्या स्टिअरिंगवर दिसल्या. घरी विचारलं तर सून बादली उचलून मागे गेली. त्यांच्या मागून काकू आणि वैशाली जवळजवळ पळतच आल्या. काकूंच्या पायात गुरुजींच्या चपला होत्या, घाईत घातलेल्या.

"उघड," गुरुजी म्हणाले. "यात काय लपवलंय ते सगळं उघड."

"यात ज्यांचे निरोप आहेत, त्यांनी हो म्हटलं तर उघडते."

"मी घरप्रमुख आहे."

"फोनात घरप्रमुख नावाचं बटण नसतं, गुरुजी." माझा आवाज बाबांसारखा चढला होता. "निरोप पाठवणाऱ्याने ज्याला पाठवला तो त्याचा. तुम्ही टपालातलं दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडाल का?"

"मला शिकवू नको. हा दुसरा कॅल्क्युलेटर मीही बघितला आहे." त्यांनी अंगठा कॅल्क्युलेटरवर नेला. उद्या टेस्ट, आणि वैशालीच्या डोळ्यांसमोर पुन्हा तोच चहा. सरकीवाले काका ढेप सोडून दारात आले होते.

तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाल्या, "टाका. घरचा जुना नंबर टाका, उघडीन. मायं कुलूपही त्याच नंबराचं हाय. तुमचंही."

गुरुजींचा अंगठा हवेतच राहिला.

"माझं?"

"हाव."

"म्हणजे तू... वाचलं?"

"वाचलं." काकू जरा घुटमळल्या. "ते मेथीच्या जुडीवरचं चांगलं हाय. बाकीचं मले समजलं नाही."

मी कोणाचा चेहरा असा बदलताना पाहिलेला नाही. राग गेला नाही, पण त्याला उभं राहायला जागा उरली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप उजेडात वाचणारा माणूस पहिल्यांदाच कोणाच्या तरी वाचनात सापडला होता. ते एकदा काकूंकडे बघत होते, एकदा सरकीवाल्या काकांकडे, जणू त्यांनीही मेथीची जुडी वाचली असेल. मग हळूच म्हणाले, "मला विचारायचं तरी."

ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि फिरून त्यांच्याच कानावर गेलं, हे आम्हा सगळ्यांना दिसलं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. नेमका पत्रकावर.

वैशालीने तो उचलला नाही. तोंडानेच सांगितलं, सगळ्यांसमोर. "उद्या बुलढाण्याले मोठ्या गाडीची टेस्ट हाय, बाबा. शिवणक्लास नव्हता. मुलींची बस चालवायची हाय मले. मी जाणार हाय."

विचारलं नाही तिने. सांगितलं.

गुरुजींनी काकूंच्या पायातल्या आपल्या चपलांकडे बघितलं. ते एरवी पुस्तकीच बोलतात, फार आतून बोलले की वऱ्हाडी. "बुलढाण्याले जाताना राजूरच्या घाटात," ते म्हणाले, "पुढच्या सीटवर बसजो. ड्रायव्हर वळणावर गिअर कसा पाडते, ते पाह्यजो."

काकू त्यांच्या चपला ओढत फटफट आवाज करत हसल्या. मी पाणी आणायला आत गेले, कारण डोळे पुसायचे होते.

दुसऱ्या दिवशी वैशाली पहाटेच्या बसने बुलढाण्याला गेली. फोन मात्र घरी ठेवून गेली. गुरुजींनी "घेऊन जा" म्हटलं, तर "राहू द्या घरीच" म्हणाली. माझ्या मते मुद्दाम.

दुपारी गुरुजी आणि काकू माझ्या दुकानात हजर. गुरुजींनी फोन दोन्ही हातांत, मांजराच्या पिलासारखा धरला होता.

"दुसऱ्या कॅल्क्युलेटरवर ठिपका आला आहे, म्हणजे तिच्या नावाचा निरोप आहे," ते म्हणाले. "थरथरला. मी वाचलेला नाही."

"मग घरी ठेवायचा ना."

"घरी मोह होतो." ते स्टुलावर बसले. "इथे तू आहेस."

फोन पुन्हा थरथरला. काकूंनी कपाळाला हात लावला. "अवं, आकडा ठाऊक हाय, बोटं हायत, आन् वाचता येत नाही! यापरीस मले ठाऊकच नसतं त बरं!"

"गप्प बस," गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच खिशातला पेन काढून बंद केला, उघडला, बंद केला. तिसऱ्यांदा थरथरल्यावर त्यांनी फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघू लागले. झाडूवाल्याने आशेने मान वर केली. सरकीवाल्या काकांनी चहा पाठवला. तो निवला. मी एका गिऱ्हाइकाची काच लावताना ती उलटी बसवली, इतकं माझं लक्ष उडालं होतं.

ऊन उतरता उतरता वैशाली आली. बसस्थानकावरून चालत नाही, जवळजवळ उड्या मारत. दारातूनच ओरडली, "पास!" काकूंनी तिला असं मिठीत घेतलं की दोघी माझ्या शोकेसवर आदळल्या, आणि त्यातली सगळी फोनची कव्हरं खाली. गुरुजी उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "रिव्हर्स?" त्यांनी विचारलं. "एका दमात, बाबा!" ती म्हणाली.

मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "तुझे निरोप आहेत यात. कोणी हात लावलेला नाही."

तिने आकडा टाकला. आम्ही तिघांनी नजर वळवली. मागून तिचं हसू ऐकू आलं, आधी लहान, मग मोठं. गुरुजींची मान अर्धी वळली आणि मोठ्या कष्टाने परत रस्त्याकडे गेली.

"मोठ्यानं वाचू का, बाबा?" तिने विचारलं.

"तुझी इच्छा," गुरुजी म्हणाले. कसं म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक.

तिने क्षणभर विचार केला. "नको," म्हणाली, फोन पर्समध्ये टाकला आणि घराकडे चालायला लागली. मागून काकू, "अवं, एवढी हासली काऊन ते त सांग!" आणि त्यांच्यामागे गुरुजी, "मी विचारत नाही, मी फक्त सोबत चाललो आहे!" तिघं ढेपेच्या पोत्यांना वळसा घालून बाजाराच्या गर्दीत शिरेपर्यंत मला दिसत होती.

वैशाली आता मलकापूरला मुलींची बस चालवते. त्या निरोपात काय होतं, ते मला माहीत नाही.